मराठी आरोग्य-संकेतस्थळासाठी विश्वासार्हतेचे प्रमाणपत्र कोणाकडून घ्यावे?

परळची स्वयंसेविका

नमस्कार. परळमधील एका लहान नोंदणीकृत विश्वस्त संस्थेत मी काम करते. टाटा रुग्णालयात उपचारांसाठी बाहेरगावाहून येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांना राहण्याची सोय, जन आरोग्य योजनेची कागदपत्रे आणि उपचारांविषयीची प्राथमिक माहिती मिळवून देणे हे आमचे मुख्य काम आहे. ही माणसे आमच्यापर्यंत पोहोचतात तेव्हा त्यांच्या फोनवर बरेच काही आधीच येऊन बसलेले असते: साखर सोडली की गाठ उपाशी मरते, सुई टोचून तपासणी केली की रोग अंगभर पसरतो, अमुक काढा घेतल्यास केमोची गरज उरत नाही. या मजकुराला मराठीतच उत्तर मिळावे म्हणून आम्ही एक संकेतस्थळ तयार करत आहोत. केमोच्या काळातील आहार, तोंड आल्यावर घ्यायची काळजी, पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असताना ताप आल्यास काय करावे, अशा विषयांवरील लेख तयार असून काही कर्करोगतज्ज्ञांनी ते विनामूल्य तपासून दिले आहेत.

अडचण पैशांची आहे. निदान केंद्रांची साखळी चालवणारी एक कंपनी तिच्या सामाजिक दायित्व निधीतून आमचा खर्च उचलण्यास तयार आहे, मात्र तिने दोन अटी घातल्या आहेत. पहिली अट अशी की, संकेतस्थळाला 'हॉनकोड' किंवा त्या तोडीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र असावे. दुसरी अशी की, 'शिफारस केलेली तपासणी केंद्रे' या नावाचे एक पान असावे आणि त्यात कंपनीच्या केंद्रांना अग्रस्थान मिळावे. दरम्यान, वार्षिक शुल्क भरल्यास 'विश्वासार्ह आरोग्य संकेतस्थळ' असा शिक्का देऊ, असा ईमेलही एका परदेशी व्यावसायिक संस्थेकडून आला आहे. त्यांनी आमच्याकडून केवळ संकेतस्थळाचा पत्ता मागितला. मजकूर कोणी लिहिला, कोणी तपासला, याविषयी एकही प्रश्न विचारला नाही.

यांपैकी कोणते प्रमाणपत्र घेण्याजोगे आहे, आणि दुसऱ्या अटीचे काय करावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

निवृत्त ग्रंथपाल, माटुंगा

ताई, मी अनेक वर्षे वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम केले असल्याने पहिल्या अटीविषयी खात्रीने सांगू शकतो: जे प्रमाणपत्र तुमच्याकडे मागितले जात आहे ते आज अस्तित्वात नाही. हेल्थ ऑन द नेट फाउंडेशन या जिनिव्हातील ना-नफा संस्थेने १९९६ मध्ये हॉनकोड ही आठ तत्त्वांची आचारसंहिता प्रसिद्ध केली आणि पुढची पंचवीसेक वर्षे जगभरातील हजारो संकेतस्थळांनी तिचे चिन्ह अभिमानाने मिरवले. २०२२च्या डिसेंबरमध्ये त्या संस्थेचे काम थांबले. आज एखाद्या पानावर ते चिन्ह दिसलेच, तर ते काढायचे राहून गेले आहे असे समजावे. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी बहुधा जुन्या प्रस्तावातील परिच्छेद जसाच्या तसा उतरवला असावा.

संस्था राहिली नाही तरी तत्त्वे वाचण्यासारखी आहेत. लेखक कोण व त्याची पात्रता काय हे सांगावे. ही माहिती डॉक्टरांच्या सल्ल्याला पूरक आहे, पर्यायी नाही, हे स्पष्ट करावे. वाचकाची गोपनीयता पाळावी. स्रोत आणि तारीख द्यावी. उपचारांच्या गुणदोषांविषयीच्या विधानांना पुराव्याचा आधार असावा. संपर्काचा मार्ग उघडा असावा. पैसा कोठून येतो ते सांगावे. आणि जाहिरात व मजकूर यांची सरमिसळ होऊ देऊ नये. यांतील एकही तत्त्व 'या पानावरील माहिती बरोबर आहे' अशी ग्वाही देत नाही, हे मात्र ध्यानात घ्यावे. चिन्ह होते ते कार्यपद्धतीचे, आणि वाचक ते मजकुराचे समजत असे. फ्रान्समध्ये २००४च्या कायद्याने आरोग्य-संकेतस्थळांच्या प्रमाणनाची जबाबदारी तेथील राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणावर टाकली, प्राधिकरणाने २००७ मध्ये त्यासाठी याच जिनिव्हातील संस्थेशी करार केला आणि काही वर्षांनी तो उपक्रम बंदही केला. सरकारचे पाठबळ असूनही तो रुजला नाही, यावरून या वाटेची अडचण कळते.

आता पर्याय. अमेरिकेतील युरॅक ही संस्था २००१ पासून आरोग्य-संकेतस्थळांना मानांकन देऊ लागली, पण तो मार्ग तेथील विमा कंपन्या आणि मोठे उद्योग यांच्यासाठी आखलेला होता. ब्रिटनमध्ये पेशंट इन्फर्मेशन फोरमने २०२० मध्ये 'पिफ टिक' हे चिन्ह सुरू केले. त्यात माहिती तयार करण्याची संपूर्ण प्रक्रिया तपासली जाते, म्हणजे रुग्णांना मसुदा दाखवला का, भाषा सोपी आहे का, पुनर्तपासणी कधी होणार, वगैरे. माझ्या मते आजवरची सर्वांत विचारपूर्वक केलेली योजना हीच, परंतु ती ब्रिटनमधील माहितीसाठी आहे. आपल्याकडे केंद्राच्या एसटीक्यूसी संचालनालयाचे गुणवत्ता प्रमाणपत्र आहे, तेही प्रामुख्याने सरकारी संकेतस्थळांसाठी. अपंग व्यक्तींना पान वापरता येते की नाही यासारख्या गोष्टी त्यात पाहिल्या जातात, वैद्यकीय आशय नव्हे.

तुम्हाला खरोखर उपयोगी पडेल असे साधन वेगळेच आहे. ऑक्सफर्डमध्ये तयार झालेली आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेली 'डिसर्न' ही सोळा प्रश्नांची प्रश्नावली विनामूल्य वापरता येते. पहिले आठ प्रश्न प्रकाशनाच्या विश्वासार्हतेविषयी आहेत, पुढचे सात उपचारांच्या पर्यायांविषयी, आणि शेवटचा एकूण मूल्यमापनाचा. उपचार घेतलेच नाहीत तर काय होईल हे सांगितले आहे का, असाही एक प्रश्न त्यात आहे. मराठी आरोग्यलेखनात या प्रश्नाचे उत्तर मला फार क्वचित सापडले आहे. तुमच्या प्रत्येक लेखाला दोन वेगवेगळ्या व्यक्तींनी ही प्रश्नावली लावावी आणि गुण जुळले नाहीत तेथे चर्चा करावी.

राहिला तो ईमेल. संशोधकांनी १९९८ मध्ये इंटरनेटवरील आरोग्यमाहितीला दर्जा देणारी ४७ साधने शोधून काढली आणि २००२ मध्ये पुन्हा पाहिले तेव्हा आणखी ५१ नवी निघाली होती. बहुतेकांनी आपले निकष कसे ठरवले हे सांगितलेच नव्हते. शिक्के देणे तेव्हाही सोपे होते. ज्याने मजकुराबद्दल एकही प्रश्न विचारला नाही, त्याचे चिन्ह लावल्यास तुमच्या संकेतस्थळावरील पहिले असत्य विधान तेच ठरेल.

गिरगावचा वकील

ग्रंथपालांनी पहिल्या अटीचा निकाल लावलाच आहे. मला दुसरी अट अधिक गंभीर वाटते, कारण तिच्यात पैसे देणारा आणि शिफारस मिळवणारा एकच आहे. याला पूर्वीचे ठळक उदाहरण आहे. अमेरिकेचे माजी सर्जन जनरल सी. एव्हरेट कूप यांच्या नावाने चालणाऱ्या संकेतस्थळावर १९९९ मध्ये देशातील 'अग्रगण्य' रुग्णालयांची यादी दिलेली होती. त्या यादीत स्थान मिळवण्यासाठी चौदा रुग्णालयांनी प्रत्येकी सुमारे ४० हजार डॉलर मोजले होते आणि वाचकाला त्याचा पत्ता नव्हता, हे वृत्तपत्रांतून बाहेर आले. कूप यांच्याइतकी सार्वजनिक पत असलेल्या माणसालाही ते प्रकरण जड गेले; तुमच्या संस्थेची पत तर अजून घडायची आहे.

आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आणि त्याखालील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीची २०२२ची मार्गदर्शक तत्त्वे लक्षात घ्यावीत. मोबदल्याच्या बदल्यात केलेली शिफारस माहितीच्या वेषात मांडली, तर ती जाहिरातच समजली जाण्याची दाट शक्यता आहे. मुंबईतच मुख्यालय असलेल्या जाहिरात मानक परिषदेने ऑगस्ट २०२३ मध्ये समाजमाध्यमांवर आरोग्यविषयक सल्ला देणाऱ्यांसाठी पात्रता व हितसंबंध जाहीर करण्याचे नियम आणले. त्याच महिन्यात केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाच्याही सूचना आल्या. तुम्ही समाजमाध्यमांवरील प्रभावक नाही, तरी दिशा हीच आहे हे जाणून असावे.

यापेक्षा जुना आणि अधिक कडक कायदा म्हणजे औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४. त्याच्या अनुसूचीत कर्करोग आहे. अनुसूचीतील रोगाचे निदान, उपचार किंवा प्रतिबंध यांसाठी अमुक औषध वापरावे असे सुचवणारी जाहिरात करणे हा गुन्हा असून पहिल्या दोषसिद्धीला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शास्त्रीय किंवा सामाजिक दृष्टीने प्रामाणिकपणे लिहिलेल्या ग्रंथाला कायद्यात सवलत आहे, पण लेखाच्या शेजारी आपोआप बसणाऱ्या जाहिरातींना ती नाही. म्हणून स्वयंचलित जाहिरातींची जागा संकेतस्थळावर ठेवूच नका. केमोविषयीच्या लेखाखाली कर्करोगावरील काढ्याची जाहिरात लागली, तर तुमचे सारे म्हणणे त्या एका चौकटीने खोडले जाईल.

ठाण्याचा कर्करोगतज्ज्ञ

ग्रंथपालसाहेबांशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु बाहेरच्या परीक्षणाचे महत्त्व त्यांनी थोडे कमी लेखले असे वाटते. स्वतःचे धोरण स्वतःच लिहायचे आणि ते पाळल्याचे स्वतःच जाहीर करायचे, यात काही काळाने ढिलाई येतेच. हॉनकोडची एक जमेची बाजू अशी होती की, तिऱ्हाईत माणूस अधूनमधून येऊन पान उघडून पाहत असे आणि तक्रार आल्यास खुलासा मागत असे. आपल्याकडे असा तिऱ्हाईत उपलब्ध नसेल तर तो तयार करावा लागेल. संस्थेशी आर्थिक संबंध नसलेला एक डॉक्टर, एक परिचारिका आणि उपचार पूर्ण केलेला एक रुग्ण यांनी वर्षातून एकदा यादृच्छिक पद्धतीने निवडलेली काही पाने तपासून अभिप्राय द्यावा, आणि तो अभिप्राय प्रतिकूल असला तरी संकेतस्थळावर जसाच्या तसा प्रसिद्ध व्हावा.

दुसरी गोष्ट भाषांतराची. असे प्रकल्प मी जवळून पाहिले आहेत. तज्ज्ञ इंग्रजी मसुदा तपासून मान्यता देतो, त्यानंतर कोणीतरी, आणि आजकाल बहुधा यंत्र, त्याचे मराठी करते, आणि वाचकापर्यंत पोहोचणारा अंतिम मराठी मजकूर वैद्यकीय नजरेखालून गेलेलाच नसतो. 'ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेल्यास त्वरित रुग्णालयात यावे' या वाक्यातील 'त्वरित' गळले किंवा त्याचे 'शक्य तितक्या लवकर' झाले, तर पांढऱ्या पेशी घटलेल्या रुग्णाच्या बाबतीत काही तासांचा फरक जिवावर बेतू शकतो. म्हणून तपासणाऱ्याची सही इंग्रजी मसुद्यावर घेऊ नका, अंतिम मराठी पानावर घ्या. आणि पुढे त्या पानातील एक ओळ जरी बदलली तरी ती सही रद्द झाली असे माना.

शिक्क्यांविषयी एक अभ्यास मला फार बोलका वाटतो. जर्मनीत २००२ मध्ये २१ जणांना आरोग्यविषयक प्रश्नांची उत्तरे इंटरनेटवर शोधायला सांगितली गेली. गटचर्चेत लोक म्हणत की, आपण स्रोत पाहतो, संस्था कोणती हे पाहतो. प्रत्यक्ष निरीक्षणात 'आमच्याविषयी' हे पान एकानेही उघडले नाही, आणि माहिती कोणत्या संकेतस्थळावरून घेतली हेही नंतर फारच थोड्यांना आठवले. त्यामुळे धोरणांची पाने कितीही उत्तम लिहिली तरी पात्रता, तारीख आणि निधीचा स्रोत या तीन गोष्टी प्रत्येक लेखाच्या माथ्यावरच असाव्यात.

आणि त्यातही नावे हवीत. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये एका माजी क्रिकेटपटूने हळद, कडुनिंब आणि आहाराने पत्नीचा चौथ्या टप्प्यातील कर्करोग बरा झाल्याचे सांगितले, तेव्हा टाटा मेमोरियलच्या आजी-माजी २६२ कर्करोगतज्ज्ञांनी सह्या करून निवेदन काढले की, या दाव्यांना पुरावा नाही, कोणीही उपचार लांबवू नयेत. ते निवेदन लोकांनी गांभीर्याने घेतले, कारण त्याखाली नावे होती.

कांजूरमार्गचा संगणक अभियंता

गोपनीयतेविषयी वर ओझरता उल्लेख झाला आहे, पण कर्करोगाच्या संकेतस्थळावर हा विषय सर्वांत वर असायला हवा. वाचकाने नाव सांगितले नाही तरी त्याने उघडलेल्या पानाचा पत्ताच पुष्कळ काही सांगतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील पान कोणी तीन वेळा उघडले ही माहिती, पानात बसवलेल्या फुकट मोजणी-यंत्रणेमार्फत आणि समाजमाध्यमांच्या 'शेअर' बटणांमार्फत जाहिरात कंपन्यांकडे जाऊ शकते. औषधांवर सवलत देणाऱ्या गुडआरएक्स या अमेरिकी कंपनीने ग्राहकांची आरोग्यमाहिती अशाच मार्गाने फेसबुक, गूगल आदींना दिल्याबद्दल तेथील व्यापार आयोगाने २०२३ मध्ये कारवाई केली आणि कंपनीला १५ लाख डॉलरचा दंड मान्य करावा लागला.

तुमच्या संकेतस्थळाला यातले काहीही लागत नाही. वाचकांची संख्या मोजायची असेल तर ती स्वतःच्याच सर्व्हरवर मोजता येते, चित्रफिती वाचकाने बटण दाबल्यावरच लोड होतील अशी रचना करता येते, आणि प्रश्न विचारण्याच्या अर्जात रुग्णाचे नाव व भ्रमणध्वनी सक्तीचे ठेवण्याचे कारणच नाही. वैयक्तिक माहिती घेणारच असाल, तर २०२३च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यानुसार संमतीपूर्वीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. तेव्हा ती सूचना मराठीतच लिहा, आणि मजकुराइतक्याच सोप्या भाषेत. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य बंधने टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. ती लागू होईपर्यंत थांबण्यात अर्थ नाही.

देणगीदार कंपनी वाचकांची आकडेवारी मागेल. तो मुद्दा करार करतानाच स्पष्ट करून घ्यावा: एकूण भेटींची संख्या मिळेल, पानागणिक तपशील मिळणार नाही.

बोरिवलीची वाचक

मी तज्ज्ञ नाही. वडिलांच्या आजारपणात अशी पाने रात्ररात्र वाचणाऱ्यांपैकी एक आहे. शिक्का असलेली आणि नसलेली पाने मला सारखीच दिसत. फरक पडला तो एका गोष्टीने: काही पाने आपल्याला काय ठाऊक नाही तेही लिहीत आणि पुढचा प्रश्न डॉक्टरांना कसा विचारावा हे सांगत. बाकीची पाने सर्व काही ठाऊक असल्याच्या आविर्भावात असत. कृपया चूक कळवण्यासाठी दूरध्वनी क्रमांकही द्या, केवळ ईमेल नको. आमच्या गावाकडचे लोक ईमेल लिहीत नाहीत.

परळची स्वयंसेविका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. विश्वस्तांच्या बैठकीत हे सर्व मुद्दे मांडले. ईमेलवाल्या शिक्क्याला नकार कळवला आहे. देणगीदार कंपनीला आम्ही लेखी प्रस्ताव दिला की, हॉनकोडच्या जागी आमचे स्वतःचे प्रसिद्ध धोरण, डिसर्नचे गुण आणि बाहेरच्या तिघांचे वार्षिक परीक्षण स्वीकारावे. प्रत्येक पानावर 'या प्रकल्पास अमुक कंपनीचे अर्थसाहाय्य आहे, मजकुरावर तिचे नियंत्रण नाही' अशी ओळ राहील. आणि शिफारस केलेल्या केंद्रांचे पान असणार नाही. हॉनकोडऐवजीची व्यवस्था त्यांनी लगेच मान्य केली. शिफारशीच्या पानाबाबत अद्याप उत्तर नाही, आणि ते नकारार्थी आले तर निम्मेच लेख घेऊन सुरुवात करण्याची तयारी विश्वस्तांनी ठेवली आहे.

एक अडचण मात्र अनपेक्षितपणे पुढे आली. ज्या डॉक्टरांनी लेख तपासले त्यांपैकी दोघांनी नाव छापण्यास नकार दिला. संकेतस्थळावर नाव आले तर ती जाहिरात समजली जाईल आणि वैद्यक परिषदेकडे तक्रार होईल, अशी त्यांना भीती वाटते. नावे नसतील तर वर ठाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलेला सारा डोलाराच कोसळतो. यावर काय करावे?

गिरगावचा वकील

त्यांची भीती निराधार नाही, परंतु नियमाचा दुसरा भाग त्यांच्या नजरेतून सुटला असावा. डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तनाविषयीचे २००२चे विनियम आजही लागू आहेत. २०२३ मध्ये आणलेले नवे विनियम स्थगित ठेवण्यात आले. २००२च्या विनियमांत रुग्ण मिळवण्यासाठी जाहिरात करण्यास मनाई आहे आणि स्वतःची जाहिरात होईल असे लेखन सर्वसामान्य वृत्तपत्रांत करू नये असेही म्हटले आहे. त्याच कलमात पुढे सार्वजनिक आरोग्य आणि आरोग्यदायी राहणी या विषयांवर डॉक्टरांना स्वतःच्या नावाने लिहिण्याची व व्याख्याने देण्याची मोकळीक आहे. विनियम लिहिले गेले तेव्हा संकेतस्थळांचा विचार फारसा झालेला नव्हता, तरी विनामूल्य, जाहिरातरहित आणि विश्वस्त संस्थेने चालवलेल्या रुग्णशिक्षणाला ही मोकळीक लागू होते असे म्हणण्यास भक्कम आधार आहे.

यासाठी पानावर डॉक्टरांचे नाव, पदवी आणि वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक एवढेच द्यावे. दवाखान्याचा पत्ता, दूरध्वनी, छायाचित्र, 'प्रख्यात', 'नामवंत' अशी विशेषणे आणि भेटीची वेळ ठरवण्याचा दुवा यांपैकी काहीही नको. नोंदणी क्रमांकावरून वाचकाला परिषदेच्या नोंदवहीत खातरजमा करता येते, म्हणजे तुम्हाला हवी असलेली बाहेरची पडताळणी काही अंशी येथेच मिळते. डॉक्टरांकडून एक लहान लेखी संमतीपत्र घ्यावे. त्यात कोणता लेख, त्याची कोणती आवृत्ती आणि कोणत्या तारखेला तपासला याची नोंद असावी. कोणत्याही औषध कंपनीशी, निदान केंद्राशी किंवा रुग्णालयाशी असलेले आर्थिक संबंध जाहीर केलेले असावेत. आणि पूर्वकल्पना देऊन नाव मागे घेण्याचा अधिकार त्यांना असावा. सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात नोकरीस असलेल्यांना सेवानियमांनुसार वरिष्ठांची लेखी परवानगी लागू शकते, ती आधी घ्यावी. संमतीपत्राचा मसुदा मी करून देतो. त्या दोघांपैकी कोणी प्रत्यक्ष बोलू इच्छित असल्यास त्यांना माझ्याशी जोडून द्यावे.